पावसाळ्यात परडं रिकामं का?

एसटीत मी बत्तीस वर्षं वाहक होतो, १९८४ ते २०१६. त्यातली अकरा वर्षं सावंतवाडी–बेळगाव गाडीवर गेली. सकाळी आंबोलीचा घाट चढताना गाडीत माणसं भरलेली असायची आणि संध्याकाळी उतरताना टपावर पोती. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, गाजर, हिरवी मिरची, कोथिंबिरीचे भारे. पुढे टेम्पो वाढले, टपावरची पोती संपली; पण भाजीची वाट तीच राहिली, घाटावरून खाली. आजही आमच्या आठवडा बाजारात भाजी कुठची म्हणून विचारलं, तर बेळगाव नाहीतर कोल्हापूर हेच उत्तर मिळतं.

जुलै महिन्यात घाटात दरड आली की ही वाट बंद होते. एका वर्षी धबधब्याच्या अलीकडे आमची गाडी रात्रभर अडकली होती. मागे भाजीचे पाच-सहा टेम्पो. सकाळी दरड हटवून रस्ता मोकळा केला तेव्हा पालेभाजी काळी पडली होती, आणि खाली बाजारात त्याच पालेभाजीसाठी माणसं दुप्पट पैसे मोजायला उभी होती. त्या रात्री मी गाडीच्या काचेतून बाहेरचा पाऊस बघत होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आमचा जिल्हा. चार महिने घागरभर पाणी कुणाला शिंपावं लागत नाही. प्रत्येक घरामागे गुंठाभर तरी परडं आहे. आणि त्याच चार महिन्यांत आम्ही भाजीसाठी घाट कधी सुरू होतो याची वाट बघतो. हे मला तेव्हा पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही.

माझ्या लहानपणी पावसाळ्यात भाजी विकत आणणं ही आमच्या वाडीत कमीपणाची गोष्ट होती. सणाला बटाटे-कांदे यायचे, एवढंच. बाकी सगळं परड्यात. मांडवावर पडवळ आणि शिराळी, गडग्यावर चढलेला तांबडा भोपळा, न्हाणीच्या पाण्यावर अळू, कुंपणाच्या कडेने भेंडी आणि चवळी, कोपऱ्यात सुरण आणि हळद. काकडी आणि चिबूड तर भाताच्या शेताच्या मेरेवरसुद्धा. आईला अक्षरओळख नव्हती, पण नक्षत्रं बोटांवर होती. रोहिणीत बी टाकलं नाही तर ते वर्ष गेलं असं ती म्हणायची. त्यामागचं कारण मला निवृत्तीनंतर, दोन पावसाळे हात पोळल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी मी बी लावलं ते आर्द्रात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पाऊस चांगला बसल्यावर लावावं असा माझा हिशोब. रोपं वर आली आणि चार दिवसांत देठाशी कुजून आडवी झाली. कोवळ्या रोपाला सततचा मुसळधार पाऊस सोसत नाही. रोहिणी लागतात २५ मेच्या सुमाराला, मृग ७-८ जूनला. त्या पंधरा दिवसांत बी टाकून तांब्याभर पाणी घालत राहिलं, तर खरा पाऊस येईपर्यंत रोप चार पानांचं होतं, देठ टणक होतो. मग पुनर्वसूचा तरणा पाऊस येऊ दे की पुष्याचा म्हातारा, वेल मांडवाकडे निघालेला असतो. म्हणजे पावसाळ्याची बाग पावसाच्या आधीच सुरू करायची असते. परसबाग करून बघितली, जमली नाही, असं सांगणारे जे जे मला भेटतात, त्यातल्या बहुतेकांनी जुलैत बी टाकलेलं असतं.

दुसरी चूक पाण्याची. उन्हाळ्यात आपण झाडाभोवती आळं करतो, कारण पाणी धरून ठेवायचं असतं. पावसाळ्यात याच्या उलट. हातभर खड्डा घ्यायचा, त्यात सुका पाला जाळायचा, वर कुजलेलं शेणखत आणि माती घालून जमिनीपेक्षा वीतभर उंच ढीग करायचा. बी त्या ढिगावर. तीन-चार बिया टाकायच्या, जोरकस दोन रोपं ठेवायची. पाणी सगळीकडून उतरून गेलं पाहिजे. वेलाच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचलं की पानं पिवळी पडतात आणि माणसं खत कमी पडलं म्हणून आणखी खत ओततात. आमच्या जांभ्याच्या मातीत तर एकदम घातलेलं खत टिकतच नाही, पाऊस ते धुऊन खाली ओढ्याला नेतो. मी पहिल्या वर्षी ओंजळभर युरिया टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सहा इंच पाऊस झाला. तो युरिया कुणाच्या उपयोगी पडला असेल तर ओढ्यातल्या शेवाळाच्या. आता मी पंधरा-पंधरा दिवसांनी प्रत्येक ढिगाला दोन मुठी शेणखत घालतो, वर सुका पाला पसरतो आणि पाऊस उघडला की चुलीतली राख. आमची माती आंबट, राखेने तो आंबटपणा थोडा मरतो.

मांडव मात्र आईने शिकवला तसाच. चार कोपऱ्यांना पांगाऱ्याचे खांब, ते पावसात फुटतात आणि मजबूत होतात. वर चिव्याच्या काठ्या आडव्या-उभ्या. उंची आपल्या डोक्याच्या हातभर वर, कारण पडवळाला लोंबायला जागा लागते. कोवळं पडवळ वळायला लागलं की टोकाला सुतळीने बोटाएवढा खडा बांधायचा, ते सरळ वाढतं.

जुलैत एक गोष्ट हमखास होते. वेल हिरवागार, फुलं भरपूर, आणि फळ धरत नाही. बोटभर भोपळा पिवळा पडून गळून जातो. लोक म्हणतात नजर लागली, जमीन वाईट, बी खोटं. खरं कारण साधं आहे. भोपळा, पडवळ, शिराळी यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे लहानसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. नराचा पराग मादीपर्यंत न्यायला कुणीतरी लागतं, आणि धो धो पावसात मधमाशी बाहेर पडत नाही. मग ते काम आपण करायचं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, तेव्हा सकाळी जायचं, नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मधला दांडा मादी फुलात अलगद फिरवायचा आणि वर अळूचं पान टोपीसारखं झाकायचं. शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात. पडवळाची तर रात्री.

हे पडवळाचं फूल बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं. दिवसा त्याची मिटलेली गुंडी दिसते. दिवेलागणीनंतर मांडवाखाली विजेरी घेऊन जा. पांढरी शुभ्र पाच पाकळ्यांची फुलं उमललेली असतात आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला सुताच्या झालरीसारखे तंतू सुटलेले असतात. रात्रीच्या पाखरांना दिसावीत म्हणून ती पांढरी. मी ड्यूटीवर असताना किती रात्री डेपोच्या विश्रांतिगृहात काढल्या, आणि त्या सगळ्या रात्री माझ्या घरामागे ही फुलं उमलत होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदा बघितली तेव्हा हिला हाक मारून बाहेर बोलावलं. दोघंही इरलं घेऊन बराच वेळ उभे होतो.

कीड-रोगांबद्दल फार लिहीत नाही, कृषी सहायक सांगतातच. पण दोन गोष्टी. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ सडून पडतं, अळी मातीत जाऊन कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. पडलेलं फळ तसंच मांडवाखाली ठेवणं म्हणजे पुढची पिढी आपणच पोसणं. असं फळ रोज उचलून बादलीत बुडवायचं किंवा हातभर खोल पुरायचं. सापळा लावणार असाल तर वेलभाज्यांसाठी क्यूल्यूरचा लावा. आंब्याला वापरतात तो मिथाइल युजेनॉलचा इथे चालत नाही. आणि एकट्याने लावून भागत नाही, चार शेजाऱ्यांनी मिळून लावा. मी कोवळ्या पडवळांना जुन्या सुती साडीच्या लांब पिशव्या घालतो. औषध नाही, खर्च नाही.

दुसरी गोष्ट, मोठी आफ्रिकन गोगलगाय. ती आपली नव्हे. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या एका गोऱ्या अभ्यासकाने ती कलकत्त्यात आणली आणि तिथून ती देशभर पसरली. एका खेपेला शंभरावर अंडी घालते, एका रात्रीत वाफाभर रोपं साफ करते. तिच्यावर मीठ टाकू नका, मीठ मातीत उतरतं आणि तुमचंच रोप मरतं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट पसरायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. वेचताना हाताला प्लास्टिकची पिशवी बांधाच, तिच्या अंगात माणसाला अपाय करणारे जंत असतात. आणि गडग्याच्या फटीत, पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. फुरसं आमच्याकडे घरामागेच असतं. गमबूट घातल्याशिवाय मी परड्यात जात नाही, नातवंडांना जाऊ देत नाही.

माकडांवर माझ्याकडे उत्तर नाही. अनेकांनी परडं सोडलं ते माकडांमुळे, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, त्यांना आळशी म्हणणं अन्याय आहे. सरकारने हा प्रश्न मनावर घ्यायला हवा. तोवर मी इतकंच बघितलंय की माझ्या परड्यात माकडं कारल्याला, अळूला, सुरणाला हात लावत नाहीत. काहीच नको म्हणण्यापेक्षा एवढं तरी लावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

आईचं पडवळ आखूड होतं, हातभर लांबीचं, पांढऱ्यावर हिरव्या रेघा. शिजायला चटकन, आणि अजिबात कडवटपणा नाही. दरवर्षी मांडवावरचं एक चांगलं फळ ती ठेवायची. आम्ही मुलं हात लावायला गेलो की ओरडायची, ‘त्याका हात लावचो नाय, ता बियाचा.’ ते फळ मांडवावरच पिकून लालभडक व्हायचं. मग बी काढून, धुऊन, राखेत घोळवून, सावलीत वाळवून मडक्यात, आणि मडकं चुलीवरच्या माळ्यावर, धुरात. काकडीचं बी राखेत कालवून भिंतीवर थापायची. शिराळं वेलावरच सुकून खुळखुळा झालं की तसंच आढ्याला टांगायची, पुढच्या रोहिणीपर्यंत.

आई गेली २००३ च्या फेब्रुवारीत. त्या वर्षी हिने माळ्यावरचं बी लावलं, वेल झाला, पडवळं लागली. मी ड्यूटीवर. गणपतीला मुंबईहून भाऊबंद आले, घर भरलं, आणि मांडवावरची सगळी पडवळं भाजीला गेली. कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी मडकं उघडलं तर रिकामं. किती पिढ्या आमच्या घरात चालत आलेलं बी एका पावसाळ्यात संपलं, आणि संपलं तेव्हा आम्हाला समजलंही नाही.

मग पाकिटं आली. दुकानातून आणलेल्या एका पाकिटावरचं पडवळ तीन हात लांब, चित्रासारखं आलंही. त्याचं बी मी आईसारखं राखून ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच बियापासून एक वेल लांब फळाचा, एक आखूड, एक कडू, आणि दोन वेलांना फळच नाही. तो संकरित वाण होता. संकरित बियाचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, दरवर्षी नवीन पाकीट घ्यावं लागतं. पाकिटावर तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. संकरित बी वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला दोन एकर लावून बाजारात न्यायचं आहे त्याला ते परवडत असेल. पण परड्यातल्या चार वेलांना ते का? तिथे असं बी हवं जे एकदा आणलं की घरचं होतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने असे सरळ वाण काढलेले आहेत: पडवळाचा कोकण श्वेता, शिराळ्याचा कोकण हरिता, कारल्याचा कोकण तारा. ते इथल्या पावसासाठीच निवडलेले. परसबागेसाठी बियाण्याची पाकिटं वाटणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, मग ती ग्रामपंचायत असो, बचतगट असो की शाळा. वाटायचंच असेल तर सरळ वाणाचं वाटा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, याचं बी ठेवता येतं.

बी ठेवणं, वाटणं, शेजाऱ्याला देणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा कायदा २००१ मध्ये झाला, त्याच्या ३९व्या कलमात. कंपनीच्या नावाने पाकीट भरून विकायला तेवढी बंदी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना त्यांनी जपलेल्या गावठी बियाण्यांसाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा टीव्हीवर त्यांची मडकी बघून मला आमच्या माळ्यावरचं मडकं आठवलं. त्यांनी घरात जपलं आणि लोकांना वाटलंही. आमच्या प्रत्येक घरात एक राहीबाई होती. आमचं तिच्याकडून बी घ्यायचं राहून गेलं.

आमचं पडवळ परत आलं ते थोरल्या बहिणीमुळे. ती वेंगुर्ल्याकडे दिलेली. २०१७ च्या चतुर्थीला तिच्याकडे गेलो, तर गणपतीवर टांगलेल्या माटोळीत कवंडळं, काकडी, नारळाच्या पेंडी यांच्या मध्ये हातभर लांबीचं, हिरव्या रेघांचं पडवळ. लग्न झालं त्या वर्षी आईने तिच्या ओटीत बी बांधून दिलं होतं, म्हणाली. चाळीस वर्षं तिने ते दरसाल लावलं आणि दरसाल एक फळ ठेवलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. मी तिच्याकडून वीस बिया रुमालात बांधून आणल्या. आता वाहकाची सवय म्हणून वहीत सगळं लिहून ठेवतो: कुठल्या तारखेला लावलं, किती उगवलं, कुणाला किती बिया दिल्या. आजपर्यंत सत्तावीस घरांत हे बी गेलं आहे. माझ्याकडचं उद्या उंदराने खाल्लं तरी आता ते संपणार नाही.

चार दिवसांनी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगर न लावलेल्या जमिनीतली भाजी: अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, भोपळा, सुरण, मका. कुदळीने खणलेल्या परड्यात हे सगळं भाद्रपदात बरोबर तयार होतं, जणू रोहिणीतली पेरणी याच ताटासाठी. आज तीच भाजी वाटे करून बाजारात मिळते, नांगराच्या शेतातून आलेली, घाट उतरून. व्रत करणाऱ्या माउलींना माझा दोष नाही. पण त्या व्रताला आधार परड्याचा होता, तो परत उभा करणं आपल्या हातात आहे.

चाकरमानी गणपतीहून निघताना पिशवी भरून भाजी नेतात. जरूर न्या. वीस लिटरच्या डब्याला खाली भोकं पाडून, गॅलरीच्या गजाला सुतळी बांधून एक शिराळं मुंबईतही होतं, माझ्या पुतण्याने डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर करून दाखवलं आहे. भाजीबरोबर बीही मागून न्या.

आणि ज्यांच्या मांडवावर आत्ता पडवळ, शिराळं, काकडी आहे, त्यांना एकच सांगणं. या चतुर्थीला घर भरेल, फळ पुरणार नाही असं वाटेल. तरी मांडवाच्या मध्यावरचं, न किडलेलं, चांगल्या वेलाचं एक फळ आजच निवडा. त्याला लाल दोरा बांधा, म्हणजे घरात आलेल्या सगळ्यांना कळेल. पडवळ पूर्ण लाल होईपर्यंत आणि शिराळं वेलावर वाळेपर्यंत ते काढू नका.